भागूचं गाव

माझं माहेर पान्याखाली हाय, ताई, तवा जन्मगाव कोनतं म्हनून लिहायचं आसंल तर काय लिहायचं ते तुमीच ठरवा. मी सहा-सात वर्सांची आसंन, धरन झालं आन् आमचं गाव त्यात गेलं. आदी कागद आले, मंग सायेब आले, मंग एका उन्हाळ्यात समद्यांनी घरं खोलायला घेतली. माझ्या बापानं दाराची चौकट काढली, तुळया काढल्या, आडं काढलं, जातं, पाटा, चुलीम्होरली फरशीसुदिक उपटून बैलगाडीत घातली. आई म्हनायची, आता भिताडं तेवडी ऱ्हायली, ती काय नेता येत्यात व्हय. मंग माळावर जागा मिळाली, तितं त्याच चौकटी परत बसवल्या. हे तुमाला आदी सांगून ठेवते, कारन पुढं मी जे गाव बगितलं त्याची गोष्ट मला लवकर कळली ती ह्याच्यामुळं. न्हाईतर मला काय कळनार, मी चौथी शिकलेली बाई.

लग्न करून कोल्हारला आले. हितं पानी हाय, प्रवरा हाय, ऊस, घास, दोन गाया, समदं बरं चाललं. थोरला गनेश शेती बगतो, धाकटी रूपाली. रूपाली शिकली, इंजिनेर झाली, तिचं लग्नबी इंजिनेराशीच लावलं. जावई लई शांत मानूस, दोनदा इचारल्याशिवाय तोंड उघडायचे न्हाईत. गाड्यांचे दिवे बनवायची कंपनी, तिनं त्यांना तिकडं चेक देशात धाडलं. मी रूपालीला म्हनलं, चेक म्हंजे बँकेतला का. ती हसली. आता हसत न्हाई तशी.

तिला दिवस गेले. आमच्या आळीत कुनाची बाळंतीन आसली की तेल लावायला, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला मलाच बोलवत्यात, इतक्या वर्सांत किती लेकरं माझ्या पायावर न्हाली आसतील काय सांगू तुमाला. मंग माझ्याच लेकीचं बाळंतपन दुसरं कोन करनार. तिचे वडील म्हनले, तू जा, गायांचं मी बगतो. तीन म्हैन्यांचा व्हिसा मिळाला. मी डिंकाचे लाडू केले, खारकेची पूड, अळीव, बाळंतशेपा, ओवा, आन् माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दोन दुपटी शिवली. इमानतळावर त्या मानसानं लाडवाचा डबा उघडून वास घेतला आन् परत झाकन लावून दिलं, तोबी लेकराचा बाप आसंल.

ते गाव कसं हुतं इचारता. बारकं. आपल्या कोल्हारपेक्षा बारकंच. डोंगराच्या कुशीत, त्या डोंगराच्या पल्याड जर्मनी. मधी चौक, समदा दगडी फरशीचा, चौकात एक उंच खांब आन् त्याच्यावर देवीसारखी बाई, डोक्याभवती सोन्याच्या चांदन्या. रूपाली म्हनली, लई वर्सांमागं हितं पलेग आला, जी जगली त्यांनी हा खांब उभा केला. चौकाच्या एका अंगाला देऊळ, त्यांचं चर्च, त्याला कायम कुलूप. वढ्याकाठी कापडाची मोठी गिरनी, बंद पडलेली, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या. गावाबाहेर जावयांची नवी कंपनी, तितं समदी बाहेरची मानसं, कोन कुठलं कोन कुठलं. आन् गावात म्हातारी. दुपारच्याला रस्त्यावर मानूस दिसायचं न्हाई, दिसलं तर काठी टेकत चाललेलं. हसायची न्हाईत ती मानसं. पन दोब्री देन म्हनल्याबगर पुढं जायची न्हाईत, म्हंजे रामराम. आन् घरात शिरताना पायताणं बाहेर काढायची. ते बगून मला वाटलं, चला, मानसं घरंदाज हायेत.

रूपालीचं घर वरच्या मजल्यावर, भाड्याचं. खाली घरमालकीन ऱ्हायची, मिलाडा नाव तिचं. मी तिला मिलाबाई म्हनायचे. ऐंशीच्या वर वय, पाठीत वाकलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, परसात कोबी, बटाटे, सफरचंदाची झाडं. नवरा गेलेला, पोरगा मोठ्या शेहरात. पहिल्याच दिवशी मी परसात उतरले तर ती बटाटे काढत हुती, मी तशीच खाली बसले आन् तिच्यासंगं काढायला लागले. बोलनार काय, ना तिची भाषा मला ना माझी तिला. बटाट्याला भाषा लागत न्हाई.

मंग रूपालीनं फोनात ते घालून दिलं. तिनं तिच्यात बोलायचं, की फोन मराठीत बोलतो. पन ते मराठी कसलं, आपल्या तलाठ्याच्या नोटिशीवानी. एकदा पाऊस पडला हुता, आन् मी बगितलं तर आमच्या दारावरल्या भिताडावर अक्षरं उमटलेली. कोरडं आसलं की दिसायची न्हाईत, ओलं झालं की दिसायची. मी बोट दावलं. मिलाबाई फोनात बोलली, तर फोन म्हनतो, या गृहातील पूर्वीचे निवासी निष्कासित करण्यात आले. मी रूपालीला इचारलं, निष्कासित म्हंजी काय गं. ती म्हनली, हाकलून दिलं, आई.

तर गोष्ट आशी की ते समदं गाव पहिलं जर्मन लोकांचं हुतं. शेकडो वर्सं. गिरनी त्यांची, देऊळ त्यांचं, तो खांबबी त्यांनीच उभा केलेला. मोठी लढाई झाली, जर्मनी हरली, तवा ह्या देशानं त्यांना सांगितलं, निगा. चौकात उभं केलं, हातात न्हेता यील तेवडं एक गाठुडं घ्या, किल्ल्या दाराला ठेवा, आन् आगगाडीत घालून डोंगरापल्याड. आन् मंग दुरून दुरून दुसरी मानसं आनली आन् त्या घरांत घातली. मिलाबाईचे आईबाप त्यातलेच, कुठं पार पूर्वेला ऱ्हायचे. ती तवा चार वर्सांची. ती म्हनली, आमी आलो तवा टेबलावर ताटं हुती. भांड्यात रस्सा वाळून चिकटलेला. माझ्या आईनं ते भांडं आठ दिस भिजत घातलं.

मी इचारलं, वापरलं का मंग. ती म्हनली, दुसरं भांडं हुतं कुठं.

मला आमच्या गावाचं आठवलं. पन आमी चौकटी तरी काढून आनल्या. आन् आमच्या घरात कोन ऱ्हायला गेलं न्हाई, नुसतं पानी गेलं. कोनतं बरं ते मला सांगता यायचं न्हाई. मिलाबाईलाबी मी वाईट कशी म्हनू, चार वर्सांचं लेकरू. दारावरलं ते जर्मन घरवाल्याचं नाव तिच्या बापानंच चुन्यानं झाकलं, तर पावसात दिसतंय आजून.

मी जाऊन पुरते आठ दिस झाले नसतील, रूपालीला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. जवळ मोठं शेहर हुतं, तितल्या दवाखान्यात नेलं. पोरगी झाली. एवडीशी. डॉक्टरीन, सिस्टर, समद्यांनी लई केलं, मी खोटं बोलनार न्हाई, रात्रंदिस केलं. पन फुफ्फुसं उघडली न्हाईत. काचेच्या पेटीत हुती. मला आत सोडलं, हात धुवून, गाऊन घालून. गोल भोकातून हात घालायचा. मी तिच्या तळपायाला बोट लावलं, तर तिनं पाय वढून घेतला. तेवडंच. दुसऱ्या दिवशी गेली.

मी रडले न्हाई. लोक म्हनत्यात रडायचंस, मोकळं झालं आसतं. आलंच न्हाई, ताई. दवाखान्याच्या खिडकीतून एक मानूस गवत कापताना दिसत हुता, मी त्याच्याकडं बगत ऱ्हायले, त्यानं समदं गवत कापून हुईस्तवर. जावयांनी मला पानी दिलं, मी पिले. कोनी खायला दिलं, खाल्लं. आंगात जसं काय मीच नव्हते.

मंग प्रश्न आला, न्यायचं कुठं. आपल्यात तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. जावई म्हनले, भारतात न्यायचं तर कागदं लई, दिवस जातील. रूपाली खाटेवर भिताडाकडं तोंड करून पडलेली, ती म्हनली, तिला इमानात सामानात घालू नका. मंग हितंच.

जावई आन् मी जन्म-मरनाची नोंद घेत्यात त्या कचेरीत गेलो. बाई हुती, नीट बोलली, पन ती म्हनली नाव सांगा. आमी एकमेकांकडं बगितलं. आपल्यात बाराव्या दिवशी नाव, पाळना, कुर्र करायचं, आन् हिची तर पाचवीबी पुजलेली न्हाई. जावई म्हनले, आमी ठरवलं न्हाई आजून. ती बाई वाट बगत बसली. जावयांनी माझ्याकडं पाह्यलं आन् म्हनले, आई, तुमी सांगा. माझ्या तोंडातून माझ्या आईचं नाव गेलं. भागू. का गेलं मला म्हायती न्हाई. त्या बाईनं लिहून घेतलं. परत वाचून दाखवलं, बागू, बागू, आसं. मी म्हनलं, व्हय, तीच.

संध्याकाळी मिलाबाई वर आली. तिनं फोन काढला न्हाई. जावयांना त्यांची भाषा उलीशी यायची, त्यांच्याशीच हळूहळू बोलली. जावयांनी मला सांगितलं, आई, ह्या म्हनत्यात, मसनवटीत त्यांच्या घरच्यांची जागा हाय, आईबाप हायेत, नवरा हाय, एक जागा त्यांनी सोतासाठी ठेवलीय, तितं बाळाला ठेवा. मी म्हनलं, आन् ह्यांचं काय. त्यांनी इचारलं. मिलाबाई म्हनली, मी आले की तिच्या शेजारी झोपंन, आमी दोगी मिळून फार जागा घेनार न्हाई.

मी तिचे पाय धरले. ती घाबरली, मागं सरली, तिला ते म्हायतीच न्हाई. मंग मी तिचा हात धरला.

डोंगराच्या उतारावर मसनवटी. वरल्या अंगाला चेक लोकांची, घासलेले काळे दगड, फुलं. खालच्या अंगाला जर्मन लोकांची, दगड कलंडलेले, येलींनी झाकलेले, अक्षरं शेवाळलेली. कोनाची देवदूताची मूर्ती, मुंडकंच न्हाई तिला. बगायला कोनी न्हाई, बगनारे समदे डोंगरापल्याड. बाळाला मी माझ्या दुपट्यात गुंडाळलं, मंग पांढऱ्या पेटीत. आपल्यात पुरताना मीठ घालत्यात, जावयांनी दुकानातून मिठाची पिशवी आनली हुती. खड्डा खनणारा मानूस आमच्याकडं बगत हुता, मला वाटलं आडवतोय का काय, तर त्यानं टोपी काढली आन् दुसरीकडं तोंड केलं. जावयांनी मीठ घातलं. शेवटी पिशवी तशीच धरून उभे ऱ्हायले, मी त्यांच्या हातातून काढून घेतली.

परतताना मिलाबाई खालच्या अंगाला गेली. तितं त्या मोडक्या दगडांत एकच जागा झाडून काढलेली, बारका दगड, त्याच्यावर कोकरू कोरलेलं. तिनं त्याच्यावरचा पाला काढला. जावयांनी इचारलं, हे कोनाचं. मंग तिनं सांगितलं, तितंच उभं ऱ्हाऊन.

तीसेक वर्सांमागं देशांच्या सरहद्दी उघडल्या, तवा एक दिवस जर्मनीची गाडी आली आन् आमच्या घरासमोर थांबली. एक बाई उतरली, रस्त्याच्या पल्याड उभी ऱ्हायली आन् घराकडं बगत बसली. मिलाबाई पडद्याआड. तिला वाटलं आली घर मागायला. दार उघडलं न्हाई. ती बाई अंधार पडल्यावर गेली, दुसऱ्या दिवशी परत आली. तवा मिलाबाईच्या नवऱ्यानं म्हनलं, मी उघडतो, काय व्हायचं ते हूदे. उघडलं. ती बाई त्याच घरातली पोरगी, आठ वर्सांची आसताना गेलेली. तिनं घर मागितलं न्हाई. पान्याचा पेला घेतला, आन् म्हनली, माझा धाकटा भाऊ हितं पुरलाय, आई मरस्तवर म्हनत हुती त्याला एकट्याला सोडून आलो. मला जागा सापडंना, तुमाला म्हायती हाय का. मिलाबाई तिच्यासंगं आली, दोगींनी येली वढून वढून दगड सापडवला. जाताना ती बाई म्हनली, माझं येनं हुनार न्हाई वरचेवर. तवापासून मिलाबाई बगते. त्याच घरातलं लेकरू ना ते, ती म्हनली. मी त्या घरात ऱ्हाते, म्हंजी माझंच.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी रूपालीला पान्हा फुटला. हे कोनी सांगत न्हाई, ताई, पन तुमी बाईमानूस म्हनून सांगते, बाळ गेलं हे आंगाला कळत न्हाई. छाती दगडासारखी झाली, ताप आला, पोरगी कन्हायला लागली. मी फडक्यानं बांधलं. मिलाबाईला कसं कळलं काय म्हायती, कोबीचा गड्डा घेऊन आली, थंडगार पानं सोडवली, लाटन्यानं चेचली, आन् रूपालीच्या छातीवर ठेवली. एक गरम झालं की दुसरं. संध्याकाळपर्यंत उतार पडला.

बाळ गेलं म्हनून बाळंतीन काय बाळंतीन ऱ्हात न्हाई का. हाडं तीच, कंबर तीच, रक्त तेवडंच गेलेलं. मी रोज सकाळी तिला तेल लावलं. डोक्यापासून पायापर्यंत. ऊन पानी. पोट बांधलं. लाडू दिला. ती म्हनायची, आई, कशाला हे. मी म्हनायचे, खा. एवडंच. दोन लाडू राग राग करून तिनं फेकले एकदा, मी उचलून, पुसून, परत डब्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी दिले, तिनं खाल्ले. तेल लावताना माझे पाय आपोआप लांब व्हायचे, मानूस बाळाला घेतं तसे. मी ते परत वढून घ्यायचे.

मंग त्यांचा पितरांचा दिवस आला. नोव्हेंबरात येतो. समदं गाव मसनवटीत. जी मानसं कधी घराबाहेर दिसत न्हाईत ती समदी, पोरं-नातवंडं दुरून आलेली. फुलं, आन् लाल काचंत मेनबत्त्या, इतक्या इतक्या की उतार समदा लाल दिसत हुता. मिलाबाईनं पिशवी भरून मेनबत्त्या आनल्या. आपल्या लोकांना लावल्या, भागूला लावली, मंग खाली जाऊन कोकराला. मंग रूपालीनं तिच्या हातातनं उरलेल्या मेनबत्त्या घेतल्या आन् आपली आपली गेली, जर्मन लोकांच्या अंगाला, जितं जागा दिसंल तितं एक एक ठेवत. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा सोताहून काय तरी करत हुती. आमी बगत ऱ्हायलो. एक म्हातारा काय तरी बोलला, रागानं बोलला का कसं मला कळलं न्हाई, मिलाबाईनं त्याला उत्तर दिलं. घरी गेल्यावर जावयांना इचारलं तर म्हनले, तो म्हनला त्यांना कशाला, आन् ह्या म्हनल्या, पोरीला म्हायती न्हाई कोन कोनाचं ते, आन् नसूंदे.

डिसेंबरात चौकात मोठमोठ्या टाक्या ठेवल्या, पान्यात जिवंत मासे, काळे, लठ्ठ. त्यांचा नाताळचा सन. मानसं रांगा लावून घेत हुती, तितंच डोकं ठेचून द्यायचे. आमी माळकरी, मी तोंड फिरवलं. पन त्या दिवशी ती मानसं हसताना दिसली. मला बरं वाटलं, की हसत्यात.

माझा व्हिसा संपला. निघायच्या दिवशी सकाळी बर्फ पडलेला, मसनवटीच्या वाटेवर जाता आलं न्हाई. मिलाबाईनं मला सफरचंद वाळवून दिली, पिशवी भरून. घरी आनली, कोनी खाल्ली न्हाईत, मीच खाल्ली.

कोल्हारात बाया भेटायला आल्या. एकीनं इचारलं, कसा हुता ग फारीन. मी म्हनलं, थंडी लई. दुसरं काय सांगनार.

आता सांगते आन् सोडते तुमाला, तुमची येस्टी चुकंल. जावयांच्या कंपनीनं मानसं कमी केली, ती दोगं दुसऱ्या मोठ्या गावाला गेली, लांब हाय, आगगाडीनं आर्धा दिस. रूपाली नोकरी करते. परत बाळाचं मी इचारत न्हाई, तीबी बोलत न्हाई. ते वरल्या मजल्यावरलं घर त्यांच्या मागं कोनाला तरी दिलं म्हनं, आताच्या तिकडल्या लढाईतनं पळून आलेल्या बायामानसांना, पोरं हायेत त्यांना. मिलाबाईला पोरानं म्हाताऱ्यांच्या घरात ठेवलंय, तिला आता काय आठवत न्हाई.

ह्या दिवाळीत रूपाली आली हुती. हितंच ह्या वसरीवर बसलो हुतो, तिनं मिलाबाईला तोंड दिसतं तसला फोन लावला, तितल्या सिस्टरीनं तिच्या हातात धरून दिला. लई बारीक झालीय. रूपालीला वळखलं. मला वळखलं का न्हाई सांगता येत न्हाई, पन हात हालवला. काय तरी बोलली, तर फोन मराठीत म्हनला, शिशू कसे आहे.

मी रूपालीकडं बगितलं न्हाई. ती त्यांच्या भाषेत बोलली. एकच शबुद. तो मला येतो, रोज ऐकलेला, त्याचा अर्थ चांगलं हाय.

मंग मिलाबाई हसली. लई वेळ हसत ऱ्हायली, आमी फोन धरून बसलो. मंग सिस्टरीनं फोन घेतला.

झालं. च्या घ्या, गार झाला. तुमाला लेकरं किती? एकच लेक? आसू द्या, एक तर एक. औक्ष लाभू द्या तिला.